जुन्या तलावाची पाळ व पावसाळ्यापूर्वीची पाहणी

सन 2019 च्या जुलै महिन्याच्या पहिल्या आठवड्यात भोकरदन तालुक्यातील शेलूद व आसपासच्या गावांतील लोकांनी काही रात्री मोठ्या धास्तीत काढल्या. जोराच्या पावसाने धामणा धरणात पाणी झपाट्याने चढले होते आणि सांडव्याच्या भिंतीतून ते गळू लागले होते. त्याच सुमारास, 2 जुलैच्या रात्री, रत्नागिरी जिल्ह्याच्या चिपळूण तालुक्यातील तिवरे येथील मातीचे धरण फुटून खालची वस्ती वाहून गेली व वीसहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. धामणा धरण टिकले. तिवऱ्याचे टिकले नाही. वास्तविक तिवऱ्याचे धरण काही फार जुने नव्हते, आणि गळतीविषयी तेथील गावकऱ्यांनी आधीच तक्रारी केल्या होत्या. पुढे दोष खेकड्यांवर ठेवण्यात आला, तेव्हा राज्यभर थट्टा झाली. परंतु खेकडे, घुशी व उंदीर पाळीत बिळे करतात हे खोटे नव्हे. ती बिळे वेळेवर कोणी पाहिली व बुजविली, हा खरा प्रश्न होय.

जालना जिल्ह्यात हा प्रश्न गावोगावचा आहे. निजामाच्या राजवटीत कुंडलिका नदीवर बांधलेला घाणेवाडीचा तलाव सर्वांना ठाऊक आहे. त्याहून संख्येने पुष्कळ अधिक आहेत ते 1972 च्या दुष्काळात व त्यानंतर रोजगार हमीच्या कामांवर मजुरांनी डोक्यावर पाट्या वाहून उभारलेले पाझर तलाव. त्या वेळी जालना औरंगाबाद जिल्ह्यात होते. स्वतंत्र जिल्हा 1 मे 1981 रोजी झाला. दुष्काळातील या पाळींना आता पन्नास वर्षे उलटली आहेत. सन 2021 च्या धरण सुरक्षा अधिनियमाने पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर पाहणी सक्तीची केली आहे. पण तो मुख्यतः 15 मीटरहून उंच धरणांना व काही अटींवर 10 ते 15 मीटर उंचीच्या धरणांना लागू आहे. गावचा तलाव बहुधा या मापात बसत नाही. म्हणून त्याची पाहणी ग्रामपंचायत, ग्रामपंचायत अधिकारी व पाळीखाली शेत असणारे शेतकरी यांनी स्वतः अंगावर घेतली पाहिजे.

मातीच्या पाळीतून थोडे पाणी झिरपणे यात भय नाही. पायथ्याशी निचऱ्याची चर त्याकरिताच काढलेली असते. भय आहे ते पाण्याबरोबर माती वाहू लागण्याचे. पाणी मातीचा कण कण सोडवून नेते, आतल्या आत पोकळी होते, ती उलट तलावाकडे वाढत जाते आणि एके दिवशी पाळ खचते. पाळीच्या पोटातील विमोचकाचा नळ जेथून जातो तेथे हा धोका विशेष असतो. याची परीक्षा सोपी आहे. झिरपणारे पाणी काचेच्या बाटलीत भरून काही वेळ स्थिर ठेवावे. तळाशी गाळ बसला, तर त्याच दिवशी अभियंत्यास कळवावे.

आपल्याकडील काळी माती उन्हाळ्यात भेगाळते. पाळीच्या माथ्यावर लांबीच्या दिशेने पडलेल्या भेगेत काठी घालून तिची खोली पाहावी. किरकोळ भेग खणून, ओल्या मातीचे थर धुम्मसाने ठोकून बुजविता येते. पाळ एका बाजूस सरकलेली किंवा बसलेली दिसल्यास मात्र हात न लावता वर्दी द्यावी. वेड्या बाभळीची रोपे लहान असतानाच उपटावीत. मोठे झाड मात्र विचारल्याशिवाय तोडू नये, कारण त्याची मुळे आत कुजून पाण्याला आयती वाट मिळते.

सांडव्याबाबत आपण शेतकरीच पुष्कळदा दोषी असतो. अधिक पाणी साठावे या लोभाने सांडव्यावर दगड व वाळूची पोती रचली जातात, सांडव्याच्या चरीत ज्वारी पेरली जाते. मोठा पूर आला की पाण्याला जाण्यास वाट उरत नाही व ते माथ्यावरून उलटते. मातीची पाळ उलटणारे पाणी सोशीत नाही. काही तासांतच ती कापली जाते. गाळाचेही तसेच. गाळमुक्त धरण योजनेत काढलेला गाळ शेताला उत्तम, पण गाळ संपल्यावर खालचा मुरूम उकरणे किंवा पाळीच्या अगदी पायाशी यंत्र लावणे म्हणजे पाळीचाच पाया काढणे होय. अभियंत्याने आखून दिलेल्या रेषेच्या आत खोदू देऊ नये.

पायथ्याशी गढूळ पाण्याचा झरा उफाळलाच, तर त्याच्या तोंडावर चिकणमाती दाबून तो बंद करण्याचा मोह होतो. तसे करू नये. कोंडलेले पाणी दुसरीकडून फुटते. अभियंता येईपर्यंत झऱ्यावर आधी वाळू, तिच्यावर बारीक खडी व वर दगड असे थर घालावेत, म्हणजे पाणी निघते व माती अडते. विमोचक उघडून तलावाची पातळी उतरवावी. पाळ खचू लागली असेल तर मात्र तिच्याजवळ कोणी थांबू नये. पोलीस पाटलांनी तहसील कार्यालयास वर्दी द्यावी आणि ओढ्याकाठची घरे व गोठे रिकामे करण्यास रात्र असली तरी विलंब लावू नये.

लाभक्षेत्र 100 हेक्टरपर्यंत असलेले तलाव सामान्यतः जिल्हा परिषदेच्या लघुपाटबंधारे विभागाकडे असतात. तेथे अर्ज देताना केवळ ‘तलाव गळतो’ असे लिहिल्याने विशेष काही साधत नाही. चरीच्या तोंडाशी बादली धरून ती किती सेकंदांत भरते हे दर आठवड्यास एकाच जागी मोजावे, त्या दिवशीची तलावातील पातळी व पाण्याचा रंग वहीत टिपून ठेवावा आणि त्या पानांची नक्कल अर्जास जोडावी. पातळी तीच असून बादली पूर्वीपेक्षा लवकर भरू लागली, हे दोन ओळींत दाखविता आले की अभियंत्यास कामाची निकड पटविण्यास आणखी शब्द लागत नाहीत.