बाप्तिस्म्यानंतरचे काम

सुवार्ता सांगणे आणि शिष्य घडवणे ही ख्रिस्ती धर्मातली दोन कामे एकाच आज्ञेतून निघाली. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या अखेरीस येशू शिष्यांना सर्व राष्ट्रांकडे पाठवतो. लोकांना शिष्य करायचे, बाप्तिस्मा द्यायचा आणि आपण सांगितलेले पाळायला शिकवायचे, असे ते काम आहे. पहिल्या काही शतकांत हे सारे एकत्र चालत असे. हिप्पोलितसच्या नावावर असलेल्या एका जुन्या ग्रंथात बाप्तिस्म्याआधी तीन वर्षे शिकण्याचा नियम आहे. उमेदवार विधवांशी कसा वागला, आजाऱ्यांना भेटायला गेला का, याची चौकशीही करायला सांगितली आहे. चौथ्या शतकात रोमन राजसत्तेचा आधार मिळाला, लोकांची रीघ लागली आणि ही लांबलचक तयारी हळूहळू आटत गेली. त्यानंतर बाप्तिस्मा लवकर होई आणि घडणे मागे राही. गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत चर्चमध्ये या विषयावर जो फेरविचार झाला, तो मुख्यतः या दुराव्याचा आहे. त्यातला बराचसा भारतात झाला, हे मात्र फारसे सांगितले जात नाही.

नव्याने ख्रिस्ती झालेल्यांना पुढे काय द्यायचे, हा प्रश्न गोव्यात सोळाव्या शतकातच उभा राहिला होता. जुनी पुराणे सुटली आणि त्यांच्या जागी काहीच आले नाही, अशी तेथील लोकांची अवस्था होती. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने ती गरज ओळखून सुमारे अकरा हजार ओव्यांचे 'ख्रिस्तपुराण' रचले. ते 1616 मध्ये छापले गेले आणि चर्चमधून वाचले जाऊ लागले. एकोणिसाव्या शतकातल्या कित्येक मिशनऱ्यांपेक्षा स्टीफन्सची समज पुढची होती. पुढे 1684 मध्ये पोर्तुगीज सत्तेने स्थानिक भाषा सोडून देण्याचा हुकूम काढला आणि त्या वाटेवरच घाला घातला.

मुंबईत 1813 मध्ये सुरू झालेल्या अमेरिकन मराठी मिशनचे मालक बॉस्टनला होते. देणगीदारांना अहवाल लागत आणि अहवालात आकडे लागत: किती बाप्तिस्मे झाले, किती शाळा निघाल्या, किती उपदेशक पगारावर आहेत. यात लबाडी नव्हती. पण मोजता येते तेच काम ठरते, आणि पाच वर्षांत माणूस कसा बदलला हे कुठल्याच तक्त्यात बसत नाही. शिवाय उपदेशक, शिक्षक, बांधकाम या सगळ्याचा पैसा परदेशातून येई. त्यामुळे आपली मंडळी आपणच चालवायची आहे, ही जाणीव गावातल्या ख्रिस्ती माणसाला क्वचितच होई.

या व्यवस्थेवरचा सर्वांत धारदार हल्ला रोलंड अ‍ॅलन या अँग्लिकन धर्मगुरूने केला. उत्तर चीनमध्ये काम करून परतल्यावर त्याने 1912 मध्ये प्रेषित पौलाच्या पद्धतीची आणि मिशनच्या पद्धतीची तुलना करणारे पुस्तक लिहिले. पौल एखाद्या शहरात काही महिने, फार तर दोन-तीन वर्षे राही, स्थानिक वडील नेमी आणि निघून जाई. मिशन मात्र पिढ्यान् पिढ्या हलत नव्हते. त्याच वर्षी व्ही. एस. अझरय्या दोर्नकलचे बिशप झाले; अँग्लिकन चर्चचे ते पहिले भारतीय बिशप. 1910 च्या एडिंबरो इथल्या जागतिक मिशनरी परिषदेत त्यांनी परदेशी मिशनऱ्यांना तोंडावर सांगितले होते की तुमचा त्याग आम्हाला मान्य आहे, पण आम्हाला मैत्री हवी आहे. आपल्या धर्मप्रांतात त्यांनी एक साधी रीत घातली. बाप्तिस्मा घेणाऱ्याने स्वतःच्या डोक्यावर हात ठेवायचा आणि मी सुवार्ता सांगितली नाही तर माझी धडगत नाही, अशा अर्थाचे पौलाचे शब्द म्हणायचे. शिष्यत्व आणि प्रसार ही दोन खाती एकाच विधीत जोडली गेली, आणि प्रचारक म्हणजे पगारी माणूस हे समीकरण मोडले.

महाराष्ट्रात हाच विचार नारायण वामन टिळकांनी टोकाला नेला. 1895 मध्ये त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि पुढची बरीच वर्षे अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनमध्ये काढली. ख्रिस्ती झालेला माणूस शेजाऱ्यापाजाऱ्यांपासून, भाषेपासून, गाण्यापासून तुटतो आणि मिशनच्या आवारात परका होऊन बसतो, हे त्यांना सलत होते. नगरकडे कृष्णराव सांगळे यांच्यासारख्यांनी ख्रिस्ती कीर्तनाची वाट आधीच पाडली होती. टिळकांनी अभंग, पदे, भजने यांतून ख्रिस्तभक्तीला वारकऱ्यांची बोली दिली. अखेर 1917 मध्ये त्यांनी मिशनचा पगार सोडला, संन्यास घेतला आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, पण ख्रिस्ताला गुरू मानणारे, असे दोघेही या दरबारात चालत. मिशनच्या दृष्टीने हा मोठाच पेच होता, कारण आत कोण आणि बाहेर कोण, हे मोजण्याची फूटपट्टीच टिळकांनी बाजूला ठेवली होती. 1919 मध्ये ते वारले आणि दरबार लवकरच विरला. सगळा डोलारा एका माणसाच्या तेजावर उभा होता. त्याला रचना नव्हती, मागे चालवणारे तयार झाले नव्हते. हा दोष खराच. पण त्यांची गीते मराठी मंडळ्यांच्या 'उपासना संगीता'त आली आणि आजही रविवारी म्हटली जातात. या गीतांनी दिली तशी शिकवण देणे वेतन देऊन नेमलेल्या कितीतरी उपदेशकांना साधले नसते.

टिळकांच्या आधीपासूनच गावेच्या गावे, जातीच्या जाती ख्रिस्ती होत होत्या. नगर जिल्ह्यात 1876-78 च्या दुष्काळानंतर महार आणि मांग समाजांतले अनेक लोक मंडळीत आले. ते अन्नासाठी आले, हा आरोप तेव्हापासून ऐकू येतो. मेथडिस्ट मिशनरी वॅस्कम पिकेट यांनी अशा समूह-धर्मांतरांचा पाहणी करून अभ्यास केला आणि 1933 मध्ये तो प्रसिद्ध केला. त्यांचा निष्कर्ष आजही विचार करण्याजोगा आहे. माणूस कोणत्या हेतूने आला यापेक्षा बाप्तिस्म्यानंतर त्याला कशी शिकवण मिळाली, यावर त्याचे पुढचे ख्रिस्ती जीवन अधिक अवलंबून होते.

या अभ्यासाने भारावलेला एक मिशनरी होता दमोहला जन्मलेला डॉनल्ड मॅकगॅव्हरन. मध्य प्रांतातल्या अनुभवावरून 1955 मध्ये त्याने मांडले की लोक आपापल्या नातेगोत्यातून, जात किंवा वर्ग न ओलांडता, ख्रिस्ताकडे येतात. म्हणून आधी समूह आत घ्यावा आणि त्याला परिपक्व करण्याचे काम नंतर करावे. पुढे कॅलिफोर्नियात या विचाराचे 'चर्च वाढ' शास्त्र झाले आणि मोठमोठ्या अमेरिकन चर्चनी ते उचलले. त्यातले 'नंतर' बहुतेक वेळा आलेच नाही. पिकेटच्या पाहणीचा अर्धाच धडा घेतल्याचा हा परिणाम होता. भारतात तर या सिद्धांताने मंडळीतल्या जातीलाच मान्यता मिळते, हा आक्षेप रास्त आहे. 1974 च्या लोझान इथल्या जागतिक सुवार्ताप्रसार परिषदेत लॅटिन अमेरिकेच्या रेने पादिया यांनी न्यायाविना आणि आज्ञापालनाविना सुवार्ता विकणाऱ्या वृत्तीवर कडक टीका केली. शिकागोजवळच्या विलो क्रीक या प्रचंड चर्चने 2007 मध्ये स्वतःचीच पाहणी जाहीर केली. कार्यक्रमांतला सहभाग वाढला म्हणून माणसाची भक्ती वाढतेच असे नाही, ही कबुली त्यात होती.

कॅथलिक चर्चने हीच गाठ दुसऱ्या टोकाने सोडवली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर 1972 मध्ये प्रौढांच्या बाप्तिस्म्यासाठी टप्प्याटप्प्याच्या तयारीचा प्राचीन क्रम पुन्हा सुरू झाला. प्रोटेस्टंट बाजूला, मद्रासकडे अनेक वर्षे बिशप राहिलेले लेस्ली न्यूबिगिन 1974 मध्ये इंग्लंडला परतले, तेव्हा आपला देशच आता मिशनचे क्षेत्र आहे असे त्यांना दिसले. सुवार्ता खरी वाटायला ती जगणारी मंडळी डोळ्यांसमोर लागते, हा त्यांचा आग्रह होता.

भारतात या चर्चेला कायद्याचीही बाजू आहे. घटनेच्या 25 व्या कलमात धर्मप्रचाराचे स्वातंत्र्य आहे. मात्र दुसऱ्याला धर्मांतरित करण्याचा हक्क त्यात येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 1977 मध्ये स्टेनिस्लॉस खटल्यात दिला. त्यामुळे बाहेरच्या प्रसारावरच वाद पेटतात आणि आतले काम दुर्लक्षित राहते. वसईचे, नगरचे किंवा गोव्याचे बहुतेक ख्रिस्ती आज जन्माने ख्रिस्ती आहेत. त्यांच्याबाबतीत बाप्तिस्म्याचा आकडा काहीच सांगत नाही. संडे स्कूल, दृढीकरणाची शिकवणी, घरातली प्रार्थना आणि मंडळीत जातीला मिळणारी वागणूक, इथेच शिष्यत्वाची परीक्षा आहे आणि मराठी मंडळ्यांचा फेरविचार याच ठिकाणी सुरू व्हायला हवा.