बालरुग्णाने केलेले निदान

गेल्या नोव्हेंबरातील गोष्ट. तपासणी कक्षात चार वर्षांचा एक बालरुग्ण आईचा हात सोडून माझ्यामागोमाग चालू लागला. दर दुसऱ्या पावलाला तो उजवीकडे झुके. आई ओशाळली; मी थबकलो. तो माझीच नक्कल करीत होता आणि ती इतकी अचूक होती की तिच्यावरून निदान करता यावे.

दुखणे जुलैपासूनचे. श्यामला हिल्सचा उतार भर पावसात उतरताना पाय घसरला आणि उजव्या खुब्याच्या बाहेरच्या अंगाला कळ आली. क्ष-किरण चित्र निर्दोष निघाले. स्नायू ताणला आहे, असे निदान मीच केले आणि औषधही मीच लिहिले. आठवडाभर विश्रांती, रविवारी वेदनाशामक गोळी घेऊन वनविहारात मोठ्या तलावाच्या काठाने लांब फेरी आणि सोमवारी पुन्हा लंगडणे, हे चक्र चार महिने चालले. गणेशस्थापनेला मांडी घालून बसता येईना, रात्री त्या कुशीवर झोपता येईना. आपले फिरणे आता संपले, ही शंका मनात घर करू लागली.

सुहृदहो, ट्रेंडेलेनबुर्ग या जर्मन शल्यविशारदाने १८९५ मध्ये वर्णिलेली चाचणी आपण सर्वांनीच पाठ केली आहे. रुग्णाला एका पायावर उभे करावे. त्या बाजूचा ग्लुटिअस मीडियस दुर्बळ असल्यास कंबरेची दुसरी बाजू खाली जाते. खुब्याचा सांधा जन्मतः निखळलेल्या मुलांमध्ये हे चिन्ह मी वर्षानुवर्षे पाहत आलो. त्या रात्री आरशापुढे उजव्या पायावर उभा राहिलो. कंबरेची डावी बाजू खाली गेली.

दुसऱ्याच दिवशी अस्थिरोगतज्ज्ञ मित्राकडे गेलो. त्याने तपासून फिजिओथेरपिस्टकडे धाडले. माझ्या मुलीच्या वयाची ती तरुणी नम्रपणे म्हणाली, "सर, गोळी घेऊन चाललात, तर कुठे थांबायचं हे तुम्हाला कोण सांगणार?" माझ्यापाशी उत्तर नव्हते.

विश्रांती, बर्फ, दाबपट्टी आणि पाय उंच ठेवणे ही चतुःसूत्री डॉ. गेब मिर्किन यांनी १९७८ मध्ये रूढ केली. बर्फ आणि संपूर्ण विश्रांती यांमुळे बरे होण्यास विलंब लागू शकतो, असे २०१४ मध्ये त्यांनीच मान्य केले. पहिले काही दिवस स्नायूला जपावे हे खरेच. पण पुढे मोजका भार मिळाला, तरच नवे तंतू योग्य दिशेने जुळतात आणि बळ धरतात. मी विश्रांतीही अवाजवी घेतली आणि भारही अवाजवी दिला.

मग नवा क्रम सुरू झाला. झोपताना दोन्ही गुडघ्यांमध्ये उशी. पायावर पाय टाकून बसणे बंद. कुशीवर निजून पाय उचलणे, पाठीवर निजून कंबर उचलणे आणि काही आठवड्यांनी पायरीची चढ-उतार. सपाट रस्त्यावर दहा मिनिटे चालणे. दुसऱ्या सकाळी दुखणे वाढलेले नसेल, तरच पुढच्या आठवड्यात थोडी वाढ. २००८ च्या पहिल्या आयपीएलमध्ये जांघेच्या दुखापतीमुळे सचिनलाही सुरुवातीचे सामने बाहेर बसून पाहावे लागले होते. तेथे माझी काय कथा!

फेब्रुवारीअखेर गोळी न घेता वनविहाराची फेरी पूर्ण केली. मार्चमध्ये तो बालरुग्ण पुन्हा आला. या खेपेस त्याला नक्कल करण्याजोगे काही सापडले नाही.

व्यवसायबंधूंना एवढीच विनंती : रात्री जागविणारी वेदना, ताप किंवा पायावर भार न देता येणे, यांपैकी काही असल्यास एक दिवसही दवडू नका. आणि दुखणे साधे वाटले, तरी स्वतःचे औषध स्वतः लिहू नका. आपल्याला चालताना आपण पाहू शकत नाही. दुसऱ्या कोणीतरी पाहावे लागते.