मोटारीच्या चाकातील हवेचा पहारेकरी : घरी करता येण्याजोगी दुरुस्ती

बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव असे. धाव सैल झाली की गाडीवानास ती कानानेच कळे; मग तो चाक पाण्यात भिजवी किंवा लोहाराकडे नेई. रबरी टायरचे तसे नाही. त्यातील हवा चौथ्या हिश्श्याने उतरली तरी चाक वरून भरलेलेच दिसते. हवा कमी असली की टायरच्या बाजू अधिक दुमडतात, त्याने उष्णता वाढते, आणि ओझ्याखाली व वेगात असा टायर फुटण्याचा संभव असतो. अलिबाग तालुक्यातील शेतकरी पांढऱ्या कांद्याच्या माळा मोटारीत घालून कार्लेखिंडीतून वडखळकडे अथवा मांडव्याहून रो-रो बोटीने मुंबईस नेतो. वाटेत टायर फुटला तर मालाबरोबर माणसेही संकटात पडतात.

हे टाळण्यासाठी नव्या मोटारींत ‘टायर प्रेशर मॉनिटरिंग सिस्टिम’ ही योजना असते. अमेरिकेत सन २००७ च्या सप्टेंबरपासून नव्या मोटारींना ती सक्तीची झाली. आपल्याकडे सन २०२० च्या ऑक्टोबरपासून नियमांत अशी सवलत आली की, ट्यूबलेस टायर, दुरुस्तीचा संच व ही योजना असलेल्या मोटारीस स्टेपनी नसली तरी चालते. अशा मोटारीत तर या पहारेकऱ्यावरच भिस्त असते.

योजनेचे दोन प्रकार

पहिल्या प्रकारात प्रत्येक चाकाच्या आत, व्हॉल्व्हला जोडलेला लहानसा सेन्सर असतो. तो हवेचा दाब मोजून बिनतारी लहरींनी मोटारीस कळवितो. त्यातील सेल साधारण ५ ते १० वर्षे टिकतो. दुसऱ्या प्रकारात चाकात काहीच नसते. हवा उतरलेले चाक किंचित लहान होते व म्हणून इतरांपेक्षा जास्त फेरे घेते. ब्रेकच्या यंत्रणेतील वेगमापक हा फरक ओळखतात. आपली मोटार कोणत्या प्रकारची आहे, हे पुस्तिकेत प्रथम पाहावे.

दिव्याची भाषा

घोड्याच्या नालासारख्या आकृतीत उद्गारचिन्ह असलेला पिवळा दिवा स्थिर पेटला तर हवा कमी आहे असे समजावे. मोटार सुरू करताच तो मिनिट-दीड मिनिट लुकलुकून मग स्थिर राहिला, तर बिघाड योजनेतच आहे. पहिल्यास पंप लागतो, दुसऱ्यास कारागीर. मात्र दिवा विझलेला आहे म्हणून हवा बरोबर आहे असे मानू नये. अमेरिकेच्या नियमाप्रमाणे नेमलेल्या दाबापेक्षा २५ टक्के घट झाल्यावर दिवा पेटणे बंधनकारक आहे. म्हणजे ३२ पौंडांच्या टायरात २४ पौंड उरेपर्यंत तो गप्प राहू शकतो.

घरी करावयाची कामे

१. मोटार किमान तीन तास उभी असताना, शक्यतो सकाळी, साध्या गेजने चारही चाकांची हवा मोजावी. योग्य दाब चालकाच्या दरवाजाच्या चौकटीवरील पट्टीवर लिहिलेला असतो. टायरच्या कडेवरचा आकडा कमाल मर्यादेचा आहे. तो प्रमाण धरू नये.

२. तापमान ५ ते ६ अंश सेल्सियसने उतरले की दाब सुमारे एक पौंडाने उतरतो. दुपारी ३१ अंश उष्णतेत हवा भरून रात्री जुन्नरकडे गेल्यास पहाटे १० अंशांत चार पौंड कमी भरतील. तेव्हा दिवा पेटला तर बिघाड समजून घाबरू नये; हवा मोजून भरावी.

३. दोन-चार दिवसांत हवा पुन्हा उतरल्यास टायरवर, रिमच्या कडेस व व्हॉल्व्हच्या तोंडावर साबणाचे पाणी घालावे. बुडबुडे येतील तेथे गळती आहे. व्हॉल्व्हची पिन सैल असल्यास तिच्या किल्लीने हलकेच आवळावी.

४. हवा भरल्यावरच रीसेटचे बटण दाबावे. दुसऱ्या प्रकारच्या योजनेत कमी हवेवर ते दाबल्यास मोटार तोच दाब योग्य समजते. रोगी तपासल्याशिवाय तो बरा झाला असे लिहिण्यासारखेच ते होय.

५. बाहेरून बसविलेल्या टोपीसारख्या सेन्सरचा बटण-सेल घरी बदलता येतो. बदलताना रबरी कडे नीट बसले आहे याची खात्री करावी.

६. नवा चार्जर वा कॅमेरा लावल्यानंतर दिवा लुकलुकू लागल्यास तो काढून पाहावा. मुंबईत विजेची ट्राम येणार म्हणून कुलाब्याच्या वेधशाळेचे भूचुंबकीय वेधकाम सन १९०४ मध्ये अलिबागेस सुरू करावे लागले. शेजारची वीज नाजूक उपकरणास कशी बाधते, याचे उदाहरण आपल्या गावातच आहे.

घरी न करावयाची कामे

चाकातील सेन्सरचा सेल सहसा आत बंदिस्त असतो. तो संपल्यास संपूर्ण सेन्सर बदलावा लागतो. त्यासाठी टायर रिमवरून उतरवावा लागतो, म्हणून ते काम टायरच्या दुकानातच करवावे. पंक्चरसाठी द्रव औषध टायरात घातले असल्यास कारागिरास आधी सांगावे. त्याने सेन्सरचे छिद्र बुजू शकते.

खाऱ्या हवेतील काळजी

किनाऱ्यावर ॲल्युमिनियमचा व्हॉल्व्ह व साधी पितळी पिन एकत्र आल्यास दोन्ही गंजून घट्ट चिकटतात. मग पिन पकडीने फिरविली की व्हॉल्व्हच मोडतो व सारी हवा निघून जाते. म्हणून अशा व्हॉल्व्हला निकेलचा मुलामा असलेली पिन व प्लॅस्टिकची टोपी वापरावी. पुळणीवर मोटार नेल्यास चाके गोड्या पाण्याने धुवावीत.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी गावसभेच्या वेळी एक गेज व साबणाच्या पाण्याची वाटी घेऊन हे प्रात्यक्षिक करून दाखवावे. ट्रॅक्टर व ट्रॉलीस बहुधा असा दिवा नसतो. तेथे गेज हाच पहारेकरी. शेतकरी बांधवांनी दिव्यावर चिकटपट्टी लावून त्याचे तोंड बंद करू नये. महिन्यातून एकदा सकाळची दहा मिनिटे चाकांस दिली, तर बाजाराची वाट निर्धोक होईल.