यंत्र कंपनीचं, पुरावा रुग्णालयाचा

कॅन्सरवर रेडिएशन देणारी यंत्रं बनवणाऱ्या एका कंपनीत मी काम करते. हुद्दा ‘रिसर्च कोलॅबोरेशन सायंटिस्ट’. एकीकडे कंपनीचे इंजिनिअर आणि दुसरीकडे रुग्णालयातले डॉक्टर, मेडिकल फिजिसिस्ट, रेडिएशन देणारे तंत्रज्ञ. या दोघांना एका प्रश्नावर एकत्र आणून संशोधन तडीला न्यायचं, हे माझं काम. ते फारसं कुणाच्या पाहण्यात येत नाही, त्यामुळे त्याबद्दल तऱ्हेतऱ्हेचे समज आहेत. काही निरुपद्रवी आहेत. काही मात्र रुग्णाच्या आणि घरच्यांच्या मनात विनाकारण धास्ती भरवतात.

‘कंपनी यंत्र बनवते, रुग्णालय ते विकत घेऊन वापरतं’

सगळ्यात खोल रुजलेला समज हाच. रेडिएशन देणारं यंत्र, म्हणजे लिनॅक, आणि एमआरआय यांना एकत्र जोडणाऱ्या एमआर-लिनॅकचा इतिहास पाहिला तर तो टिकत नाही.

नेहमीच्या लिनॅकवर रुग्णाला झोपवलं की यंत्रावर काढलेल्या सीटीसारख्या चित्रात हाडं नीट दिसतात, पण प्रोस्टेट कुठे संपतं आणि गुदाशय कुठे सुरू होतो, ते धूसर राहतं. त्यात लघवीची पिशवी कमीजास्त भरते, आतड्यात गॅस होतो आणि गाठ काही मिलिमीटर सरकते. म्हणून डॉक्टर गाठीभोवती थोडी जास्तीची जागा धरूनच रेडिएशन देतात. त्या जास्तीच्या जागेतल्या निरोगी पेशींनाही रेडिएशनची मात्रा बसते. उपचार चालू असताना एमआरआयवर आतलं सगळं दिसत राहिलं, तर ही जागा आवळता येईल का? हा प्रश्न पंचवीसएक वर्षांपूर्वी नेदरलँड्समधल्या उट्रेख्तच्या विद्यापीठ रुग्णालयात यान लागेनडाइक, बास रायमाकर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हाती घेतला. तो विचार कंपनीच्या कार्यालयातून आला नव्हता.

अडचणी मूलभूत होत्या. लिनॅकमध्ये इलेक्ट्रॉनना वेग द्यायचा असतो आणि एमआरआयचा चुंबक त्यांना वाटेतच वळवतो. उलट लिनॅकमधल्या रेडिओलहरी एमआरआयच्या अतिशय क्षीण सिग्नलमध्ये घुसून चित्र बिघडवतात. मग फिलिप्स आणि एलेक्टा या कंपन्यांच्या साथीने चुंबकाची रचना अशी बदलली गेली की त्याच्याभोवतीच्या एका कड्यात चुंबकीय क्षेत्र जवळजवळ उरत नाही. लिनॅकचा नाजूक भाग त्या कड्यातून फिरतो. २००९ मध्ये प्रायोगिक यंत्रावर रेडिएशनचा बीम चालू असताना १.५ टेस्ला ताकदीच्या चुंबकाने स्वच्छ चित्र मिळालं. २०१२ मध्ये दोन्ही कंपन्या आणि युरोप आणि उत्तर अमेरिकेतली सात रुग्णालयं यांचा संशोधन-गट उभा राहिला आणि मे २०१७ मध्ये उट्रेख्तला पहिल्या रुग्णावर उपचार झाले.

त्या पहिल्या चार रुग्णांची निवड पाहण्यासारखी आहे. एमआरआयचा खरा फायदा मऊ अवयवांत, पण निवडले गेले कमरेच्या मणक्यात कॅन्सर पसरलेले रुग्ण. मणका लिनॅकच्या स्वतःच्या एक्स-रे चित्रातही दिसतो. म्हणजे नव्या यंत्राने नेम बरोबर धरला की नाही, हे एमआरआयवर विसंबून न राहता दुसऱ्या मार्गाने पडताळता येत होतं. संशोधनातली सचोटी मला अशा निर्णयांत दिसते.

यंत्र आलं, तसे मोजमापाचे नवे प्रश्नही आले. मात्रा मोजणारा चेंबर प्लास्टिकच्या ठोकळ्यातल्या भोकात बसवतात. साध्या लिनॅकवर चेंबर आणि भोकाची भिंत यांच्यामधल्या केसभर फटीची कुणी फिकीर करत नाही. १.५ टेस्लाच्या चुंबकात मात्र तीच फट मापात एक टक्क्याहून जास्त फरक पाडू शकते, कारण फटीतल्या हवेत शिरलेले इलेक्ट्रॉन वळून भलतीकडेच जातात. म्हणून आधी भोकात पाणी सोडायचं, चेंबर सावकाश सरकवायचा, बुडबुडा अडकलेला नाही याची खात्री करायची, आणि मगच बीम सुरू करायचा. ही बाब रुग्णालयांतल्या फिजिसिस्टांनी मोजली आणि प्रसिद्ध केली. आमच्या कामाचा मोठा भाग म्हणजे असं काही हाती लागलं की ते इंजिनिअरांपर्यंत, माहितीपुस्तिकेपर्यंत आणि इतर रुग्णालयांपर्यंत पोहोचवणं.

‘म्हणजे विक्रीच, फक्त शास्त्रज्ञाच्या नावाखाली’

विक्री विभाग वेगळा असतो, आणि चांगल्या करारात संशोधन आणि विक्री यांच्यातली ही भिंत लेखी असते. रुग्णालयाबरोबर संशोधनाचा करार होतो तेव्हा कोण काय करणार, पैसे कशासाठी, पेटंट कुणाचं आणि मुख्य म्हणजे निष्कर्ष कोण छापणार, हे सगळं आधी ठरतं. प्रसिद्धीआधी लेख वाचायला कंपनीला साधारण महिना-दोन महिन्यांची मुदत मिळते. त्या मुदतीत गोपनीय तांत्रिक तपशील वगळण्याची किंवा पेटंटचा अर्ज आधी करू देण्याची विनंती करता येते. निकाल आवडला नाही म्हणून लेख अडवता येत नाही. ज्या करारात असा अडवण्याचा हक्क कंपनीला मिळतो, त्यावर रुग्णालयाने सही करू नये, असं मी कंपनीत नोकरी करत असूनही ठामपणे म्हणते.

‘नवीन सॉफ्टवेअर आधी रुग्णांवर करून बघतात’

ही भीती मी हसण्यावारी नेणार नाही. तिच्यामागे इतिहास आहे. १९८५ ते १९८७ या काळात अमेरिका आणि कॅनडात थेरॅक-२५ या यंत्रावर सहा रुग्णांना प्रचंड जास्त मात्रा बसली, त्यांतले काही दगावले. आधीच्या यंत्रात धोका अडवणारी यांत्रिक कुलपं होती. ती काढून सगळी भिस्त सॉफ्टवेअरवर ठेवली होती. कंपनी म्हणत राहिली की अशी जास्त मात्रा बसणं शक्यच नाही. टेक्सासमधल्या टायलर गावच्या कॅन्सर केंद्रातल्या फिजिसिस्टाने यंत्र चालवणाऱ्या तंत्रज्ञाबरोबर बसून ती चूक पुन्हा घडवून दाखवली. स्क्रीनवरची माहिती भराभर दुरुस्त केली की दोष उघडा पडत होता. कंपनीच्या चाचण्यांत जे सापडलं नाही, ते रोजच्या वापरातल्या सराईत हातांनी सापडलं. आज आम्ही तंत्रज्ञांच्या शेजारी बसून त्यांचे हात कसे चालतात हे पाहतो, त्याचं कारण हेच.

आता नव्या सॉफ्टवेअरची रुग्णापर्यंतची वाट लांबची आहे. संशोधनासाठीची आवृत्ती उपचाराच्या सॉफ्टवेअरपासून वेगळी असते आणि ती रुग्णासाठी नाही, हे तिच्यावर लिहिलेलं असतं. पहिल्या चाचण्या फँटमवर, म्हणजे माणसाच्या शरीरासारख्या पुतळ्यावर किंवा पाण्याच्या टाकीवर. मग उपचार पूर्ण झालेल्या रुग्णांची नावं काढलेली जुनी चित्रं घेऊन संगणकावर प्लॅन बनवून बघायचे. फक्त एमआरआयचाच भाग तपासायचा असेल तर बीम बंद ठेवून निरोगी स्वयंसेवकांची चित्रं घेतात. त्यानंतर एथिक्स कमिटीची मंजुरी, रुग्णाची लेखी संमती, आणि मग ट्रायल. भारतात कुठलंही रेडिएशन यंत्र वापरात आणायला अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगी लागते, ती निराळी.

‘यंत्र जितकं नवं आणि महाग, तितका उपचार चांगला’

रुग्णाच्या नातेवाइकांनी यासाठी जमिनी गहाण टाकलेल्या मी पाहिल्या आहेत, म्हणून याबद्दल सविस्तर.

नव्या तंत्राने चित्र सुंदर दिसतं, मात्रेचा नकाशा रेखीव दिसतो. त्यावरून रुग्णाला बरं वाटलं का, हे कळत नाही. ते कळायला रुग्णांचे दोन गट करून तुलना करावी लागते. असं एक उत्तम काम आपल्या मुंबईत झालं आहे. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेल्या ३०० स्त्रियांवर टाटा मेमोरियल सेंटरने ‘पार्सर’ ही ट्रायल केली. एका गटाला जुन्या त्रिमितीय पद्धतीने रेडिएशन, तर दुसऱ्या गटाला रोज चित्र पाहून बीमची तीव्रता जागोजागी कमीजास्त करणाऱ्या पद्धतीने. तीन वर्षांनी आतड्यांचा मध्यम किंवा त्याहून जास्त त्रास पहिल्या गटात ४२.४ टक्के, दुसऱ्यात २१.१ टक्के निघाला. निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. वारंवार जुलाब होत असताना स्वयंपाक, शेत, एसटीचा प्रवास सांभाळणाऱ्या बाईला या आकड्याचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही. नव्या तंत्राचा खर्च योग्य आहे, हे असं दाखवायचं असतं.

दुसरं उदाहरण लॉस एंजेलिसचं. तिथल्या यूसीएलए विद्यापीठातल्या ‘मिराज’ ट्रायलमध्ये प्रोस्टेटच्या उपचारात एमआरआयच्या मदतीने गाठीभोवतीची जादा जागा ४ मिलिमीटरवरून २ वर आणली. लघवीचा तात्काळ होणारा त्रास ४३.४ वरून २४.४ टक्क्यांवर आला. हा निकाल २०२३ मध्ये छापून आला, आणि त्याच वर्षी जुलैमध्ये त्या ट्रायलमधलं एमआर-लिनॅक बनवणाऱ्या व्ह्यूरे कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. पुरावा भक्कम असला तरी दहा वर्षं सुटे भाग कोण पुरवणार, हा प्रश्न रुग्णालयाला विचारावाच लागतो. शिवाय एमआर-लिनॅकवर एका रुग्णाला बहुधा अर्धा तास किंवा त्याहून जास्त वेळ लागतो. बाहेर रांग लागलेली असेल तिथे हा वेळ दुसऱ्या कुणाच्या तरी वाट्याचा असतो. अशा ठिकाणी साधा, नीट सांभाळलेला लिनॅक दिवसभर चालणं मी जास्त मोलाचं मानते.

काही समज चटकन निकालात काढण्यासारखे आहेत. बाहेरून रेडिएशन घेतलेला माणूस किरणोत्सर्गी होत नाही. त्याने नातवंडांना खुशाल जवळ घ्यावं. या कामासाठी डॉक्टर असणं आवश्यक नाही. माझे बहुतेक सहकारी भौतिकशास्त्र किंवा संगणकशास्त्रातून आले आहेत. रुग्णाची चित्रं नावासकट कंपनीकडे जातात, हेही खरं नाही. पण फाइलमधलं नाव पुसून भागत नाही. डोक्याच्या सीटीवरून चेहरा पुन्हा उभा करता येतो, म्हणून तो भागही झाकावा लागतो. ती राखण रुग्णालयाने केली पाहिजे आणि आम्ही घाई करता कामा नये.

‘हे काम परदेशातच होतं’

बऱ्याच अंशी होतं, पण सगळं नाही. कोबाल्ट-६० वर चालणारं भाभाट्रॉन हे रेडिएशन यंत्र भाभा अणुसंशोधन केंद्राने घडवलं आणि ते आधी टाटा मेमोरियलच्या खारघरमधल्या अ‍ॅक्ट्रेक या केंद्रात बसलं. शास्त्रज्ञ, कारखानदार आणि कॅन्सर रुग्णालय यांची ती सांगडच होती. या कामात येऊ पाहणाऱ्या मुलामुलींनी भौतिकशास्त्रात एम.एस्सी. केल्यावर रेडिऑलॉजिकल फिजिक्सची पदविका आणि रुग्णालयातली वर्षभराची इंटर्नशिप करावी. त्यानंतर लगेच कंपनीत न जाता काही वर्षं उपचार विभागात काढावीत. सकाळी यंत्राची तपासणी, दुपारी प्लॅन, आणि मशीन बंद पडलं की बाहेर ताटकळलेल्या रुग्णांना काय सांगायचं, हे ज्याने स्वतः निभावलं आहे, त्याच्या प्रश्नांना कंपनीतले इंजिनिअर कान देतात.