लॉटमधली फ्रेम, मापाची फ्रेम

अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यात वॉटरफर्ड नावाचं छोटं गाव आहे. तिथल्या एका कारखान्यातून अनेक वर्षं दोन नावांच्या सायकल फ्रेम बाहेर पडत. ‘वॉटरफर्ड’ ही गिऱ्हाइकाच्या मापानं आणि त्याच्या पसंतीच्या रंगात बांधलेली. ‘गनर’ ही मुख्यतः ठरलेल्या मापांत निघणारी आणि त्यामानानं स्वस्त. दोन्ही एकाच छपराखाली, हातानंच जोडलेल्या पोलादी फ्रेम. मापाच्या फ्रेमला मोजावे लागणारे जादा पैसे नेमके कशाचे, हे समजून घ्यायला ही जागा उत्तम.

कारखान्याचं घराणं मोठं. इग्नाझ श्विन यांनी १८९५ मध्ये शिकागोत काढलेल्या कंपनीनं अमेरिकेच्या कित्येक पिढ्यांना सायकलवर बसवलं. १९३८ पासून तिची ‘पॅरामाउंट’ ही शर्यतीची उंची सायकल निघू लागली. १९८० च्या सुमारास पॅरामाउंटचं काम वॉटरफर्डला हललं. १९९२ मध्ये श्विन कंपनीचं दिवाळं वाजलं. पुढच्याच वर्षी इग्नाझ यांचे पणतू रिचर्ड श्विन आणि मार्क म्युलर यांनी हा कारखाना विकत घेऊन चालू ठेवला.

फ्रेम म्हणजे आठ नळ्या. पुढे वरचा दांडा, खालची तिरकी नळी, सीटची नळी आणि हँडलची आखूड नळी. मागे चाकाला दोन्ही बाजूंनी धरणाऱ्या चार बारीक नळ्या. पुढच्या चाकाचा चिमटा वेगळा. चांगल्या नळीची जाडी सगळीकडे सारखी नसते. टोकांशी, जिथे जोड येतो तिथे, ती ०.९ मिलिमीटर असेल तर मधल्या भागात ०.६ च. अशा नळीचं पेटंट बर्मिंगहॅमच्या रेनॉल्ड्सनं १८९७ मध्ये घेतलं आणि १९३५ मध्ये त्यांचं प्रसिद्ध ‘५३१’ पोलाद बाजारात आलं.

नळीचं टोक दुसऱ्या नळीच्या गोलाईवर फट न राहता बसेल असं कापावं लागतं. मग सांध्यावर लग, म्हणजे नळ्यांची टोकं धरणारी धातूची बाही, चढवून पितळेचा किंवा चांदीचा डाख देतात. पितळ सुमारे ९०० अंशांना वाहू लागतं, चांदीचा डाख ६५० ते ७०० अंशांना. टॉर्चची ज्योत गरजेपेक्षा जास्त वेळ रेंगाळली की पातळ नळी कमजोर होते. १९७० च्या दशकात रेनॉल्ड्सनं काढलेलं ‘७५३’ पोलाद याबाबतीत इतकं नाजूक होतं, की कारागिरानं जोडाचा नमुना पाठवून तपासून घेतल्याशिवाय कंपनी त्याला नळ्या विकत नसे. गनरला लगचा साज नव्हता, तिचे सांधे टिग वेल्डिंगचे. पण तेही हाताचंच काम.

फरक जोडाच्या आधी पडतो. लॉटमध्ये, म्हणजे एकाच मापाच्या अनेक फ्रेम एकत्र काढताना, जिग (नळ्या जागेवर धरणारा सांगाडा) एकदा लावायचा, त्या मापाच्या नळ्या एकदम कापून ठेवायच्या आणि एकामागून एक फ्रेम जोडत जायचं. मापाच्या फ्रेमसाठी आराखडा नवा आणि जिगची मांडणीही नवी; कापलेली नळी दुसऱ्या कुणाच्या कामाची नसते. जादा पैसे या वेळेचे असतात. जोड त्यानं जास्त पक्का होत नाही. उलट तोच सांधा पुन्हा पुन्हा करताना हात बसतो आणि चुका कमी होतात. लॉट म्हणजे हलकं काम, असंही नाही. ग्रँट पीटरसन यांनी १९९४ मध्ये काढलेल्या रिव्हेंडेल कंपनीच्या काही देखण्या, लगवाल्या फ्रेम वॉटरफर्डनं लॉटमध्येच बांधल्या.

मग मापाची फ्रेम कुणासाठी? मध्यम बांध्याच्या माणसाचं दोन-तीन सेंटिमीटरचं अंतर सीट वर-खाली करून आणि हँडलचा स्टेम बदलून भरून निघतं. खरी अडचण ठेंगण्या आणि फार उंच लोकांची. ठेंगण्यांसाठी फ्रेम आखूड केली तरी चाक तेवढंच राहतं, आणि वळताना बुटाचं टोक पुढच्या चाकाला लागतं. न्यूयॉर्क राज्यातल्या जॉर्जिना टेरी या मेकॅनिकल इंजिनिअर बाईंनी यावर तोडगा काढला. बुटक्या स्त्रियांसाठी त्यांनी पुढचं चाक २४ इंची आणि मागचं नेहमीच्या मापाचं ठेवलं. स्वतः हातानं फ्रेम बांधून सुरुवात करणाऱ्या टेरी यांनी १९८५ मध्ये कंपनी काढली, आणि तो तोडगा पुढे कारखान्याच्या लॉटमध्ये उतरला.

दुसरं टोक जपानच्या केइरिन शर्यतीचं. १९४८ मध्ये सुरू झालेल्या या शर्यतीवर पैसे लागतात, म्हणून सायकलीचे भाग मंजूर यादीतलेच वापरावे लागतात. यंत्राच्या जोरावर कुणी पुढे जाऊ नये, हा हेतू. अशा ठिकाणी स्वतःच्या मापाच्या पोलादी फ्रेमचं मोल वाढतं. केइरिनचेच खेळाडू असलेल्या कोइची नाकानो यांनी १९७७ ते १९८६ अशी सलग दहा वर्षं स्प्रिंटचं जगज्जेतेपद मिळवलं. त्यांच्या फ्रेम बांधणारे योशिआकी नागासावा इटलीत काम शिकून आलेले कारागीर होते.

आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या लॉटमधल्या बावीस आणि चोवीस इंची फ्रेमच्या सायकलींवरच वाढल्या. पाय पुरत नाहीत म्हणून दांड्याखालून तंगडी घालून चोवीस इंची चालवलेल्या वाचकाला मापाचं महत्त्व सांगायला नको.

रिचर्ड श्विन निवृत्त होत असताना, २०२३ मध्ये, वॉटरफर्डचं काम थांबलं. त्या कारखान्यानं दिलेला हिशेब मात्र आजही लागू आहे. ‘हातानं बांधलेली’ एवढ्या शब्दांसाठी जादा पैसे मोजू नका, कारण लॉटमधली चांगली फ्रेमही हातानंच जोडलेली असते. आधी तयार मापांच्या दोन-तीन सायकली चालवून बघा. सीट आणि स्टेम बदलूनही पाठ किंवा गुडघा कुरकुरत असेल, तरच मापाच्या फ्रेमला पैसे द्या.