घाटवाट आणि वाटाड्या

नकाशात आपला रत्नागिरी जिल्हा काढा. पश्चिमेला समुद्र आणि पूर्वेला सह्याद्रीची उभी भिंत. भिंतीपलीकडे सातारा, सांगली, कोल्हापूर. ही भिंत ओलांडायची कशी? तुम्ही लगेच म्हणाल, एसटीने! चिपळूणहून कऱ्हाडला कुंभार्ली घाट, रत्नागिरीहून कोल्हापूरला आंबा घाट, राजापूरकडून अणुस्कुरा, खेडच्या खोपीवरून रघुवीर घाट. पण गाडीरस्ते अलीकडचे. त्याआधी कित्येक शतकं माणसं आणि बैल पायीच डोंगर चढत-उतरत होते. त्या पायवाटा म्हणजे घाटवाटा. आणि नवख्या माणसाला त्यातून सुखरूप नेणारा स्थानिक माणूस म्हणजे वाटाड्या.

आधी डोंगर समजून घेऊ. सह्याद्री लाव्हाच्या थरांचा बनला आहे. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचले, म्हणून आपले कडे पायऱ्यांसारखे दिसतात. पावसाळ्यात ओढे या कड्यांना मागे मागे कापत जातात. कड्यात जी अरुंद घळ तयार होते तिला नाळ म्हणतात. डोंगराची खाली उतरत आलेली लांब धार म्हणजे सोंड किंवा दांड. कडा आणि पायथा यांच्या मधला सपाट टप्पा म्हणजे पदर. जिथे नाळही नाही आणि सोंडही नाही, तिथे लाकडाची निसणी, म्हणजे शिडी. घाटवाट या सगळ्यातून जागा शोधत वर जाते आणि खिंडीतून देशावर बाहेर पडते.

या वाटांनी चाले काय? खाडीतून गोवळकोट, राजापूरसारख्या बंदरांत माल उतरायचा. तिथून मीठ, सुकी मासळी, नारळ, सुपारी वर जायची आणि वरून गूळ, मिरची, ज्वारी, डाळी खाली यायच्या. म्हणजे घाट बंद झाला की कोकणातलं स्वयंपाकघर अडायचं.

हिमालयातल्या खिंडी उंचीने आपल्या कितीतरी पट. आपला घाटमाथा बहुतेक ठिकाणी सहाशे ते हजार मीटर, तर रोहतांग 3978 मीटर. तिबेटी भाषेत खिंडीला 'ला' म्हणतात. म्हणून आपण 'नाथू ला खिंड' म्हणतो तेव्हा खिंड हा शब्द दोनदा म्हणतो! साडेपाच हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा असतो, दम लागतो, डोकं दुखतं. सह्याद्रीत तो त्रास नाही. इथे धोका वेगळा: घसरडा मुरूम, धुकं, ऊन, आणि मुख्य म्हणजे चुकीची वाट.

मुलं विचारतात, "वाट दिसते ना, मग माणूस कशाला हवा?" कारण जंगलात एक वाट नसते, पन्नास असतात. गुरांनी पाडलेली ढोरवाट खऱ्या वाटेपेक्षा जास्त मळलेली दिसते आणि नेमकी कड्याच्या तोंडाशी जाऊन संपते. पावसाळ्यानंतर कारवी इतकी माजते की वाट गडप होते. डोंगराच्या कुशीतल्या धनगरवाड्यातला माणूस मात्र झाड, दगड, ओढ्याचा आवाज यावरून जागा ओळखतो. कुठल्या झऱ्याला मार्चपर्यंतच पाणी असतं, कुठल्या नाळेत दगड सुटतात, हे तो नकाशाशिवाय सांगतो. मोबाईलवरचा नकाशा चांगला, पण दरीत रेंज नसते आणि मागच्या पावसात कोसळलेली दरड त्याला ठाऊक नसते. जुलै 2021 च्या पावसात आंबा घाटातल्या मोठ्या रस्त्यावरसुद्धा दरडी कोसळल्या होत्या, मग पायवाटेचं काय सांगावं!

इतिहासात पाहा. फेब्रुवारी 1661 मध्ये मुघल सरदार कारतलबखान मोठं सैन्य घेऊन घाट उतरून कोकणात यायला निघाला. उंबरखिंडीच्या दाट जंगलात शिवाजी महाराजांच्या मावळ्यांनी त्याला पुढून-मागून कोंडलं. सैन्य मोठं, पण वाट आणि पाणी मावळ्यांच्या हाती. खानाला शरण यावं लागलं. वाटेचं ज्ञान दुसऱ्या बाजूनेही वापरलं जातं. 1689 मध्ये मुकर्रबखान कोल्हापूरकडून अवघड घाट उतरून संगमेश्वरी अचानक पोचला आणि संभाजी महाराज पकडले गेले.

हिमालयात हेच काम शेर्पा, भोटिया अशा समाजांनी केलं. शेर्पा हे हुद्द्याचं नाव नाही, समाजाचं आहे. अर्थ 'पूर्वेकडचे लोक'. आणि शिक्षक म्हणून मला आवडणारं नाव सांगतो: नैनसिंह रावत. मिलम गावचे हे शाळामास्तर. वेश बदलून तिबेटात गेले आणि 1866 मध्ये ल्हासाला पोचले. हातात जपमाळ, पण मणी 108 ऐवजी 100. शंभर पावलांना एक मणी ओढायचा आणि अंतर मोजायचं!

आपल्या घाटवाटांचं आज काय? कोयनेच्या जलाशयामुळे आणि पुढे अभयारण्यांमुळे माथ्यावरची अनेक गावं उठली. 2010 पासून कोयना आणि चांदोली मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला, त्यामुळे त्या हद्दीतून चालायला वनविभागाची परवानगी लागते. जंगल राखायला ते हवंच. पण वरचं टोक ओस पडलं आणि खालच्या गावातली तरुण पोरं मुंबई-पुण्याला गेली. वाट न चालल्याने बुजते. ज्या आजोबांना ती पाठ आहे त्यांचे गुडघे आता साथ देत नाहीत. माझ्या मते शाळेने हे टिपून ठेवायला हवं, कारण ते दुसरीकडे कुठे लिहिलेलं नाही.

कोणी सहल काढणार असेल तर दिवाळीनंतरचे थंडीचे दिवस धरा, पहाटे निघा आणि वाटाड्याशी आदल्या दिवशी बोला. त्याचा शेतातला एक दिवस बुडतो, त्यामुळे पैसे आधी ठरवा. "चहापाणी देऊ" म्हणून भागवू नका. आणि तो "आज नको, वर ढग आहे" म्हणाला तर मागे फिरा.

उपक्रम: घरातल्या किंवा वाडीतल्या सर्वांत वयस्कर व्यक्तीला विचारा. "आजी, तुमच्या लहानपणी घाटावर कोणत्या वाटेने जायचे? किती वेळ लागायचा? सोबत कोण असायचं? पाणी कुठे प्यायचे?" ऐकलेली झाडं, झरे, देवस्थानं क्रमाने वहीत लिहा आणि कच्चा नकाशा काढा. नावं त्यांनी सांगितली तशीच लिहा, शुद्ध करू नका.