अपघाताच्या जागेची मोजणी फोटोवरून



१५ ऑक्टोबर २०२३ च्या मध्यरात्री आपल्या वैजापूरजवळ समृद्धी महामार्गावर टेम्पो ट्रॅव्हलर ट्रकवर आदळून १२ जणांचा जीव गेला. अशा अपघातात पहिला प्रश्न असतो, पुढची गाडी उभी होती की चालू, आणि रस्त्यात नेमकी कुठे? उत्तर रस्त्यावरच असते : ब्रेकच्या खुणा, काचांचा सडा, सांडलेले तेल. पण वाहतूक मोकळी करण्याच्या घाईत या खुणा पुसल्या जातात.

यावरचा उपाय म्हणजे फोटोग्रामेट्री, अर्थात फोटोवरून मोजणी. दोन डोळ्यांमुळे आपल्याला अंतर कळते. त्याच न्यायाने एकाच खुणेचे निरनिराळ्या जागांवरून फोटो घेतले, की संगणक तिची जागा काढून नकाशा करतो. फोटोत माहीत लांबीची वस्तू, उदा. मीटर टेप, हवीच. नाहीतर आकार मिळतो, माप मिळत नाही. ड्रोनने हेच काम वरून होते.

गाळप हंगामात आपल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या रात्री रस्त्यावर असतात. अपघातात चूक कोणाची, यावर भरपाई अवलंबून असते. तेव्हा आधी जखमींना मदत करावी, १०८ ला फोन करावा. मग रहदारीपासून जपून, गाड्या हलण्यापूर्वी सभोवती फिरून फोटो घ्यावेत. प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोचा निम्म्याहून जास्त भाग यावा. हे फोटो पोलिसांना द्यावेत. पंचनाम्याला आधार होतो.

ट्रॉलीला रिफ्लेक्टर असला तर तो फोटोत दिसतो. नसला तर तेही दिसते. म्हणून मोळी पडण्यापूर्वीच रिफ्लेक्टर लावून घ्यावेत, ही आमची आग्रहाची विनंती.